मूत्राशयाची दुर्बलता : स्त्रियांच्या एका अबोल व्याधीविषयी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, दुपारच्या सत्रात, एका डॉक्टर भगिनीने दिलेले व्याख्यान. अनेक सभासद कुटुंबांच्या मागणीवरून येथे संपूर्ण छापले आहे.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘स्त्रियांचे आरोग्य’ असा छापलेला आपण पाहिला असेल. मी कार्यवाहांना कळविलेला विषय तो नव्हता. ‘स्त्रियांना लघवी न आवरणे’ असे मी स्वच्छ अक्षरात लिहून पाठविले होते. पत्रिका घरोघर जाते, तिच्या मस्तकी कुलस्वामिनीचे चित्र असते, तेव्हा हे शब्द तीत घालावे कसे, असा त्यांना संकोच पडला, आणि तो त्यांनी मोठ्या अदबीने माझ्या कानी घातला. मीही आग्रह धरला नाही. परंतु त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात घोळत राहिली आहे. जे नाव पत्रिकेवर छापण्यास आपल्याला संकोच वाटतो, ते नाव, ज्या बाईला ती व्याधी आहे तिने, स्वयंपाकघरात सुनेपाशी किंवा माजघरात नवऱ्यापाशी कोणत्या तोंडाने उच्चारावे?

दुसरी एक सूचना अशी आली होती की, हे व्याख्यान केवळ महिलांच्या सभेत व्हावे. ती मात्र मी मानली नाही. प्रवासाला केव्हा निघावयाचे, वाटेत गाडी कोठे थांबवावयाची, घराचे न्हाणीघर कोठे बांधावयाचे आणि आईच्या औषधपाण्यावर किती खर्च करावयाचा, हे आपल्या बहुतेक घरांत पुरुष ठरवितात. तेव्हा पुरुषमंडळींनी कृपा करून बसून राहावे. कोणी उठू लागलेच, तर ते चहासाठी उठत आहेत असे मी समजेन.

आरंभी एक घरची गोष्ट सांगते. माझी थोरली आत्या आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. संमेलनाच्या पंगतीत वाढपाची सारी सूत्रे तिच्या हाती असत. तिने ओचा खोवून एकदा हाक दिली की आळशांतला आळशी मुलगाही द्रोण-पत्रावळी मांडावयास धावे. एके वर्षी ती आली नाही. पुढच्या वर्षीही आली नाही. मग लग्नमुंजींनाही तिचे येणे थांबले. आमच्या घराण्याने याचा अर्थ तात्काळ लावून टाकला. माझ्या चुलतभावाच्या लग्नात तिला द्यावयाचे मानाचे लुगडे नजरचुकीने दुसऱ्या कोणाला गेले होते. त्याचा तिने राग धरला, असे सर्वांनी ठरविले. दोन घरांत त्यावरून बोलाचाली झाली, शेवटी जाणे-येणे तुटले. हे सात वर्षे चालले.

मला डॉक्टर होऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. आत्याचे गुडघे मी तपासत असे, रक्तदाब मोजीत असे. तिने कधी काही सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. एकदा तिच्या घरी मुक्काम पडला. पहाटे न्हाणीघराच्या मागल्या बाजूस गेले, तो जेथे कोणाचीही नजर जाऊ नये अशा जागी बांधलेल्या दोरीवर जुन्या लुगड्याच्या शिवलेल्या दहाबारा घड्या वाळत होत्या. बाळंतिणीच्या घरी दुपटी वाळत असतात, तशा. त्या घरात तान्हे मूल नव्हते.

मी विचारले. आधी ती म्हणाली, “अगं, म्हातारपण आहे. चालायचेच.” मग थोड्या वेळाने सारे बोलली. शेवटच्या संमेलनात वाकून वरण वाढीत असता तिला खोकल्याची उबळ आली आणि लुगडे भिजले. फरशीवर ओल उतरली. कोणाच्या ध्यानात येण्यापूर्वी तिने हातातला पाण्याचा तांब्या तेथेच लवंडून दिला. लोक म्हणाले, आत्याबाईंचा हात आता थरथरू लागला. तिने ते मुकाट्याने मान्य केले. घरी आल्यावर देवघरात जाणे सोडले, नैवेद्याचे ताट सुनेच्या हाती दिले आणि गुडघे दुखतात असे सांगितले. गुडघ्यांना मी औषध देत होते!

आत्या आता हयात नाही. “माझे उदाहरण सांगितलेस तरी चालेल,” असे तिनेच मला सांगून ठेविले होते, “पण मी गेल्यावर सांग.” म्हणून आज सांगत आहे. तिचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच. आधी या व्याधीचे स्वरूप समजून घेऊ.

आपल्या दोन मूत्रपिंडांतून दिवसाकाठी सुमारे दीड ते दोन लिटर मूत्र तयार होते व थेंबाथेंबाने मूत्राशयात साचते. मूत्राशय ही एक स्नायूंची पिशवी आहे. जुन्या काळी भिस्ती पाठीवर पखाल वाहत असत, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिची कल्पना चटकन येईल. पखाल भरत जाते तसतशी तिची कातडी सैल होऊन जागा देते आणि तिचे तोंड मात्र घट्ट आवळलेले असते. साधारण १५० ते २०० मिलिलिटर मूत्र साचले की मेंदूला पहिली वर्दी पोहोचते. त्यानंतरही ४०० ते ५०० मिलिलिटरपर्यंत, म्हणजे सुमारे दोन मोठे पेले, निरोगी मूत्राशय विनातक्रार धरून ठेवतो. योग्य जागी पोहोचल्यावर मेंदू आज्ञा देतो, तोंडाचा स्नायू सैल होतो, भिंतीचा स्नायू आकुंचन पावतो आणि पिशवी रिकामी होते. दिवसा सहासात वेळा आणि रात्री फार तर एकदा, हे सामान्य प्रमाण समजावे. या साध्या वाटणाऱ्या क्रियेत मेंदू, पाठीचा कणा, मज्जातंतू आणि दोन-तीन प्रकारचे स्नायू यांचा मेळ बसावा लागतो. लहान मुलाला तो बसविण्यास दोनतीन वर्षे लागतात, हे आपण सर्व मातांनी पाहिलेलेच आहे.

स्त्रीची अडचण तिच्या शरीररचनेतच थोडीशी आहे. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांब, तर स्त्रीचा अवघा सुमारे ४ सेंटिमीटर. एवढ्या आखूड मार्गाला आधार लागतो, आणि तो आधार देतात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. सुवासिनीची ओटी आपण नारळ-तांदळांनी भरतो. पण त्या ओटीचा तळ कशाचा आहे, हे कोणी आपल्याला सांगितलेले नसते. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत एखादी झोळी बांधावी, तसे हे स्नायू बांधलेले आहेत. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय या तिन्हींचा भार त्या झोळीवर असतो. बागेला पाणी घालण्याची रबरी नळी फरशीवर ठेवून तिच्यावर पाय दिला तर पाणी थांबते. तीच नळी चिखलात ठेवून पाय दिला तर नळी चिखलात रुतते आणि पाणी चालूच राहते. झोळीचे स्नायू बळकट असले म्हणजे मूत्रमार्गाखाली फरशी असते. ते सैल पडले की तेथे चिखल होतो. मग शिंक, खोकला, हसणे, पाण्याची कळशी उचलणे, जिना उतरणे, असा कोणताही ताण पोटावर आला की चार थेंब निसटतात. हा पहिला प्रकार. याला ताणामुळे होणारी गळती म्हणू.

हे स्नायू सैल कशाने पडतात? बाळंतपण हे मोठे कारण आहे. मूल बाहेर येताना त्यांतील काही तंतू मूळ लांबीच्या तिपटीहूनही अधिक ताणले जातात, असे संगणकाच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासांत दिसून आले आहे. पण केवळ बाळंतपणच नव्हे. वर्षानुवर्षांचा खोकला, मग तो दम्याचा असो वा चुलीच्या धुराचा, जुनाट बद्धकोष्ठ आणि त्यापायी रोज कुंथणे, वाढलेले वजन, आणि पाळी गेल्यानंतर शरीरातील स्त्रीरस कमी झाल्यामुळे तेथील त्वचेला येणारा पातळपणा व कोरडेपणा, ही सारी कारणे एकमेकींच्या हातात हात घालून येतात. जिला मूलबाळ झालेले नाही अशा स्त्रीलाही ही व्याधी होऊ शकते, आणि शस्त्रक्रियेने बाळंतीण झालेली स्त्री तीपासून सर्वस्वी सुरक्षित असते असेही नाही. पोट घट्ट बांधले म्हणजे सर्व जागच्या जागी बसते, अशी आपल्या बाळंतघरांतील समजूत आहे. पोटपट्ट्याने बाळंतिणीला बरे वाटते, हे खरे. झोळीचे स्नायू मात्र त्याने बळकट होत नाहीत.

दुसरा प्रकार अगदी निराळा आहे. येथे तोंड ठीक असते, पिशवीच अधीर होते. मूत्राशय अर्धाही भरला नसता त्याची भिंत आपोआप आकुंचन पावू लागते. एकाएकी अशी घाई होते की न्हाणीघरापर्यंत पाय पोहोचत नाहीत. नळाच्या पाण्याचा आवाज झाला, थंड पाण्यात हात गेला, बाहेरून येऊन दाराच्या कुलुपात किल्ली घातली, की त्या क्षणी आवरेनासे होते. रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. याला घाईची गळती म्हणू. कित्येक स्त्रियांत हे दोन्ही प्रकार एकत्र असतात. आत्याचे तसेच होते.

याखेरीज काही प्रकार आहेत, त्यांचा केवळ उल्लेख करते. मधुमेहाने मज्जातंतू बिघडले तर मूत्राशय रिकामाच होत नाही आणि काठोकाठ भरलेल्या भांड्यातून सांडावे तसे मूत्र झिरपत राहते. मूत्राचा साधा जंतुसंसर्गही तात्पुरती गळती घडवितो आणि औषधाने तो बरा होतो. गुडघे किंवा दृष्टी यांच्यामुळे वेळेवर उठता न येणे हेही एक कारणच आहे. तेथे व्याधी मूत्राशयात नसून घराच्या रचनेत असते. आणि बाळंतपणात अडून राहिल्यानंतर अथवा ओटीपोटावरील शस्त्रक्रियेनंतर जर रात्रंदिवस अखंड गळत असेल, तर मूत्राशयाला छिद्र पडल्याचा संशय घ्यावा. त्यावर शस्त्रक्रिया आहे. तशी स्त्री कोणाच्या पाहण्यात असल्यास तिला देवाचा कोप म्हणून कोपऱ्यात बसवू नये, मोठ्या रुग्णालयात न्यावे.

निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत आकडे कमीअधिक येतात. तथापि प्रौढ स्त्रियांपैकी निदान चौथ्या हिश्शाला कधी ना कधी हा त्रास होतो, असे म्हणण्यास हरकत नाही. या सभागृहातील भगिनींची संख्या मी मोजलेली नाही. आपण मनातल्या मनात चौथा हिस्सा काढून पाहावा. ‘माझ्या एकटीलाच असे होते’ असे समजणाऱ्या किती जणी येथे शेजारी शेजारी बसलेल्या आहेत!

आता या व्याधीवर स्त्रिया घरच्या घरी जो उपाय करतात, त्याविषयी मला जरा विस्ताराने बोलावयाचे आहे. तो उपाय म्हणजे पाणी न पिणे. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ भगिनी हेच करीत असतात. सकाळी निम्मा कप चहा, त्यानंतर दुपारपर्यंत घोटभरही नाही. प्रवास असला तर आदल्या रात्रीपासून उपास. हेतू समजण्यासारखा आहे. पण परिणाम उलटा होतो. मूत्र दाट व तीव्र होते, तीव्र मूत्राने मूत्राशयाची भिंत अधिकच चाळवली जाते, जंतुसंसर्गास वाव मिळतो, बद्धकोष्ठ वाढते आणि कुंथण्याने तीच झोळी पुन्हा ताणली जाते. पाणी तोडून कोणीही या व्याधीतून सुटलेली नाही. त्याचप्रमाणे ‘निघण्यापूर्वी एकदा जाऊन येते’ असे दर अर्ध्या तासाने करणेही हितावह नाही. मूत्राशयाला थोडक्यात रिकामे होण्याची चटक लागते आणि मग तो अधिक धरून ठेवीनासा होतो.

अर्थात पाणी न पिण्याचा सारा दोष स्त्रियांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आपल्या एस. टी. स्थानकांवर, बाजारात, देवस्थानांच्या रांगांत स्त्रीने जावे कोठे? मुंबईत २०११ साली स्त्रियांच्या संघटनांनी ‘राइट टू पी’ या नावाची चळवळ सुरू केली, तेव्हा त्या नावाला अनेकांनी नाके मुरडली. मला ते नाव आवडले. निदान ते कोणत्या तरी पत्रिकेवर छापले गेले.

उपचारांकडे वळते. प्रथम एक वही घ्यावी. वाणसामानाच्या वहीची मागली पानेही चालतील. तीन दिवस त्यात लिहावे : किती वाजता काय व किती प्यायले, किती वाजता लघवीला गेले, केव्हा गळती झाली आणि त्या वेळी काय करीत होते. एवढ्यावरून कोणता प्रकार आहे याचा निम्मा उलगडा होतो. आत्याच्या वहीवरून मला दोन गोष्टी समजल्या. रक्तदाबासाठी तिला जी गोळी होती तीत लघवी वाढविणारे औषध होते, आणि ती गोळी ती रात्री जेवल्यावर घेत असे. तिच्या डॉक्टरांशी बोलून ती सकाळी घेण्याचे ठरले. रात्रीची चार उठणी दोनांवर आली. दुसरे असे की ती दिवसाकाठी सहा वेळा चहा घेत होती. चहा-कॉफीने कित्येकींचा मूत्राशय चाळवतो. तो दोन वेळांवर आणताना मात्र आमची बरीच वादावादी झाली. येथे एक इशारा देते. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये, वेळही बदलू नये, डॉक्टरांना विचारावे. त्याचप्रमाणे कोणाच्या सांगण्यावरून गोखरू-पुनर्नव्याचे काढे सुरू करण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की ही द्रव्ये मूत्रल म्हणून, म्हणजे लघवी वाढविण्यासाठी, प्रसिद्ध आहेत.

मुख्य उपचार व्यायामाचा आहे. १९४८ साली अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी या झोळीच्या स्नायूंच्या व्यायामाची पद्धत प्रसिद्ध केली. स्नायूंचे बळ मोजण्याचे एक साधे यंत्रही त्यांनी तयार केले होते. आपल्याकडील हठयोगात मूलबंध आहे, तोही याच भागाच्या आकुंचनाचा प्रकार होय. हे सांगितले की सभेत कोणी तरी अभिमानाने मान डोलावतो. अभिमान जरूर असावा. पण मूलबंध योग्यांसाठी सांगितला होता, बाळंतिणीला तो कोणी शिकविला नाही, हेही त्याबरोबर आठवावे.

व्यायाम असा. चारचौघांत बसलो असता अधोवायू सरू नये म्हणून आपण जे स्नायू आवळतो, तेच हे स्नायू. ते आवळून आत व वर ओढावे. श्वास रोखू नये, पोट, मांड्या व नितंब ताणू नयेत. शेजारी बसलेल्या बाईला काही कळता कामा नये. प्रथम तीन-चार अंक मोजेपर्यंत धरावे, मग तितकाच वेळ सैल सोडावे. असे निदान आठ वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा अंकांपर्यंत जावे. देवापाशी दिवा लावताना, भाजी निवडताना आणि रात्री पाठ टेकल्यावर, अशा तीन वेळा मी सांगत असते. कारण ही कामे कोणी विसरत नाही. सुरुवातीला उताणे पडून करणे सोपे जाते. लघवी करता करता धार थांबवून पाहण्याची सवय मात्र लावू नये. त्याने मूत्राशय पुरता रिकामा होत नाही. शिंक किंवा खोकला येतोसे वाटताच, तो येण्यापूर्वीच स्नायू आवळून घ्यावा; एवढ्या एका युक्तीने कित्येकींची निम्मी चिंता सरते.

किती दिवस? निदान तीन महिने, नित्यनेमाने. पंधरा दिवसांत सोडणाऱ्या भगिनी मला येऊन सांगतात की, ‘तुमच्या व्यायामाने गुण आला नाही.’ पंधरा दिवसांत पापडखाराची चव बदलते, स्नायू बदलत नाहीत. शिवाय कित्येक जणी चुकीचेच स्नायू आवळीत असतात, नव्हे, उलट खाली जोर देत असतात. म्हणून एकदा तरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून अथवा या कामाची माहिती असलेल्या व्यायामोपचारतज्ज्ञ भगिनीकडून आपण बरोबर करीत आहोत ना, हे तपासून घ्यावे. ज्यांची नुकतीच सुटका झाली आहे अशा लेकीसुनांना हा व्यायाम आपण डिंकाच्या लाडवांबरोबरच द्यावा, अशी माझी सूचना आहे. सांगावयास सासू संकोचत असेल तर तिने हे पान उघडून सुनेपुढे ठेवावे.

घाईच्या गळतीसाठी व्यायामाबरोबर मूत्राशयाला पुन्हा शिस्त लावावी लागते. घाई झाली की धावत सुटू नये. जागच्या जागी बसावे, स्नायू चारपाच वेळा आवळावे, मन दुसरीकडे न्यावे. कोणी नामस्मरण करते, कोणी उजळणी म्हणते. लाट ओसरली की शांतपणे जावे. दर तासाला जावे लागत असेल तर एक आठवडा सव्वा तासाने, पुढच्या आठवड्यात दीड तासाने, असे वाढवीत अडीच-तीन तासांपर्यंत यावे. वजन अधिक असल्यास ते थोडेसे उतरले तरी उपयोग होतो. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांत सुमारे ८ टक्के वजन उतरविलेल्या स्त्रियांच्या गळतीचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले. केवळ माहिती मिळालेल्या दुसऱ्या गटात ते २८ टक्क्यांनी कमी झाले. नुसत्या माहितीनेही एवढे व्हावे, हे मला आज येथे बोलताना धीर देणारे आहे.

औषधे व शस्त्रक्रिया यांविषयी थोडक्यात. घाईच्या गळतीवर गोळ्या आहेत. जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, आणि वृद्ध स्त्रियांच्या स्मरणशक्तीवर परिणाम होण्याचा धोका असतो. अलीकडे याहून निराळ्या जातीची औषधेही निघाली आहेत. पाळी गेलेल्या स्त्रीला आतून लावण्याचे मलम उपयोगी पडते. अंग बाहेर येत असेल तर आधाराचे कडे बसविता येते. त्या शस्त्रक्रियांत तर आपल्या मुंबईची कीर्ती मोठी आहे, डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. बी. एन. पुरंदरे यांच्या नावाच्या शस्त्रक्रिया वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत शिकविल्या जातात. परंतु अंग वर बसविले म्हणजे गळती थांबतेच असे नाही. क्वचित आधी दबलेली गळती त्यानंतर उघडी पडते. हे शस्त्रक्रियेपूर्वी विचारून घ्यावे. ताणाच्या गळतीसाठी मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी घालतात. ती स्वतःच्या शरीरातील पडद्याची असते किंवा कृत्रिम जाळीची. कृत्रिम पट्टीची पद्धत १९९० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये डॉ. उल्फ उल्मस्टेन यांनी रूढ केली. तिने असंख्य स्त्रियांना गुण आला, आणि काहींना जाळीचा असा त्रास झाला की इंग्लंडमध्ये २०१८ साली तिचा वापर स्थगित करण्यात आला. तेव्हा पट्टी कोणती, पुढे त्रास झाल्यास काय, हे विचारण्यात संकोच नको.

आणि एक गोष्ट ठासून सांगते. गर्भाशय काढणे हा लघवीच्या गळतीवरचा उपाय नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या भगिनींची गर्भाशये कशी सरसकट काढली गेली, हा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला. आपण शहरातले, शिकलेले, म्हणून आपल्या घरांत तसे होत नाही, अशा भ्रमात कोणी राहू नये. ‘पिशवी काढून टाका म्हणजे कटकट गेली’ असा सल्ला मिळालेल्या आपल्या ज्ञातीतील स्त्रिया मी पाहिल्या आहेत.

लघवीतून रक्त जाणे, थंडीतापासह जळजळ, लघवी अजिबात न होणे, किंवा पायांत एकाएकी कमजोरी येऊन बसण्याच्या जागी बधिरता वाटणे, यांपैकी काही असेल तर व्यायाम करीत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

राहता राहिला सोवळ्याओवळ्याचा प्रश्न. माझ्याकडे येणाऱ्या वृद्ध भगिनींना औषधापेक्षा याचीच चिंता अधिक असते. मी धर्मशास्त्राची अधिकारी नाही. पण तान्हे मूल मांडीवर ओले करते तेव्हा आपण लुगडे बदलतो आणि पुन्हा देवघरात जातो. मूल अपवित्र झाले असे कोणी म्हणत नाही. त्या मुलाला वाढविणारीच्या वृद्ध देहाला निराळा न्याय लावावयाचे कारण मला दिसत नाही. स्वच्छ कपडा अथवा औषधांच्या दुकानात मिळणारी शोषक घडी घ्यावी, ती वेळेवर बदलावी, आणि नैवेद्याचे ताट स्वतः उचलावे.

आत्याने ते उचलले. व्यायामाला सुरुवात केल्यानंतर चौथ्या महिन्यात. ती पूर्ण बरी झाली असे मी म्हणणार नाही. प्रवासात तिच्या पिशवीत एक घडी अखेरपर्यंत असे आणि सर्दी झाली की ती घराबाहेर पडत नसे. परंतु पुढच्या संमेलनास ती आली. दाराजवळच्या कडेच्या खुर्चीवर बसली, मधल्या सुटीत दोनदा उठून गेली. माझ्या चुलतभावाने पुढे होऊन तिला मानाचे लुगडे दिले आणि जुनी चूक झाल्याबद्दल क्षमा मागितली. तिने ते घेतले. खरे कारण तिने त्याला सांगितले नाही. मीही आजच सांगत आहे, आणि तो समोरच तिसऱ्या रांगेत बसला आहे.

आता कार्यकारी मंडळास विनंती. या सभागृहाची स्त्रियांची स्वच्छतागृहे वरच्या मजल्यावर आहेत आणि त्यांतील एकाच्या दाराला कडी नाही. पुढील वर्षी तळमजल्यावरील पुरुषांचे एक स्वच्छतागृह स्त्रियांस द्यावे, त्यात उठताबसताना धरावयास एक दांडा बसवावा आणि कोणतेही सत्र दीड तासाहून अधिक लांबवू नये. दाराजवळच्या दोन रांगा वडीलधाऱ्या स्त्रियांसाठी, कारण न विचारता, राखून ठेवाव्या. या कामी जो खर्च येईल त्यातील निम्मा मी देईन.

या सत्रानंतर पाच वाजेपर्यंत मी व्यासपीठामागील डाव्या हाताच्या खोलीत बसणार आहे. तेथे माझ्याकडे रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे. तेव्हा जी कोणी आत येईल ती रक्तदाब मोजून घेण्यास आली, असेच बाहेरच्यांनी समजावे.